नदी कुठे ओलांडायची?

दिवाळीच्या सुट्टीत गाडीनं गोवा ठरला की आमच्या घरात दोन तट पडतात. एक म्हणतो महामार्गानं सुसाट जाऊ, दुसरा म्हणतो सागरी मार्गानं रमतगमत जाऊ. मी या भांडणात नकाशा उघडून बसतो आणि रस्त्यांआधी नद्या बघतो.

कोकणातल्या नद्या सह्याद्रीत उगम पावतात आणि पश्चिमेला धावत समुद्राला मिळतात. उत्तर-दक्षिण जाणाऱ्याला त्या एकूण एक ओलांडाव्याच लागतात. मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे पूर्वीचा सतरा नंबर आणि आताचा ६६, त्यांना आतल्या बाजूला गाठतो: सावित्री महाडला, वाशिष्ठी चिपळूणला, शास्त्री संगमेश्वरला. ही गावं जुनी बंदरं. भरतीच्या पाण्यावर गलबतं इथवर यायची, माल बैलांच्या पाठीवर चढून घाटानं देशावर जायचा. नदी इथं पुलाखाली येईल इतकी आवरलेली असते. तरी तिला गरीब समजू नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीनं ब्रिटिशकालीन पूल एसटी गाड्यांसकट नेला. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला.

सागरी मार्ग याच नद्यांना मुखाशी भेटतो. सावित्रीची बाणकोट खाडी होते, वाशिष्ठीची दाभोळ, शास्त्रीची जयगड. पात्र एवढं रुंद, की गाडी फेरीबोटीत घालावी लागते. बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. पूल होणार आहेत; तोवर मोबाइलमधला नकाशा सांगतो त्या वेळेवर विसंबू नये. त्याला अंतर कळतं, पण धक्क्यावर आपल्यापुढं उभ्या असलेल्या बारा गाड्या आणि वाळूचा टेम्पो कळत नाही. एकदा वेश्वीला दीड तास ताटकळलो. त्या वेळात उकडलेली अंडी, शेंगदाणे आणि बायकोचं बोलणं असं तिन्ही खाल्लं.

पण याच मार्गावर एक गंमत आहे. दापोलीहून गुहागरला जायचं तर फेरीच जवळची. ती टाळली तर खेड-चिपळूण असा मोठा वळसा पडतो.

पुणेकरांचा तिसरा रस्ता देशावरून जातो. सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, निपाणी: रुंद, वेगवान, आणि खरं सांगायचं तर कंटाळवाणा. खंबाटकी सुटला की उसाचे ट्रॅक्टर सोडून बघण्यासारखं फार नाही. त्याचं सगळं मोल शेवटच्या उतरणीत आहे. फोंडा घाट राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातून कणकवलीला उतरवतो, चोर्ला बेळगावहून थेट गोव्यात. माझा कौल आंबोलीला. संकेश्वरहून गडहिंग्लज, आजरा असं जाताना हिरण्यकेशी सोबत असते, आणि आंबोलीत तिचा उगमच भेटतो. तिथून समुद्र हाकेच्या अंतरावर, पण ही बाई पाठ फिरवून पूर्वेला जाते आणि घटप्रभा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते. घाट संपल्यावर सावंतवाडीत मासे खावेत.

म्हणून घाई असलेल्यांना मी हाच रस्ता सांगतो: दिवसभर वेग, शेवटचा तास डोळ्यांना. सागरी मार्ग मात्र एका दिवसात उरकायचा नाही. दोन मुक्काम हवेत, अंधारात गाडी नको, कारण वळणापलीकडे गाय बसलेली असते. पंप दिसला की टाकी भरावी. शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यावी. आणि हा मार्ग जातानाच घ्यावा. परतताना सोमवारचं ऑफिस मानगुटीवर बसलेलं असतं, तेव्हा आरे-वारेचा समुद्रही नुसता वळणांचा त्रास वाटतो.

यंदा बाणकोट खाडी ओलांडून पहिला मुक्काम दापोलीत, सकाळी दाभोळची फेरी, दुसरा मुक्काम गणपतीपुळ्याला. मुलगा म्हणतोय, महामार्गानं गेलो तर गोव्यात दोन दिवस जास्त मिळतील. त्याचं गणित बरोबर आहे. फेरीचं तिकीट मात्र त्यालाच काढायला लावणार आहे.