अंडें केवढें आणि दिवस किती?

वळचणीला चिमणीनें घरटें बांधलें, कीं मुलांचा प्रश्न ठरलेला असतो : "पिलूं केव्हां बाहेर येणार?" घरांतील वडील माणसें हिशेब सांगतात. चिमणीचें अंडें सुमारें १२ ते १४ दिवसांत फुटतें, कोंबडीचें २१ दिवसांत, आणि लांडोरीच्या अंड्यास सुमारें २८ दिवस लागतात. अंडें जेवढें मोठें, तेवढा गर्भ वाढण्यास काळ अधिक, असा समज यावरून सहज होतो. पक्ष्यांच्या बाबतींत तो स्थूलमानानें खराही आहे. कीटकांच्या जगांत मात्र हा हिशेब चुकतो. आणि परभणीसारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यांत ही चूक केवळ कुतूहलाची बाब राहत नाहीं.

दोन परिचित अंडीं घेऊं. घरमाशीचें अंडें सुमारें एक मिलिमीटर लांब असतें. उन्हाळ्यांत एक दिवस पुरा होण्यापूर्वींच त्यांतून अळी बाहेर येते. तुतीच्या पानांवर वाढणाऱ्या रेशीमकिड्याचें अंडें आकारानें जवळजवळ तेवढेंच. परंतु २५ अंश उष्णमानांत ठेवूनही तें उबण्यास १० ते ११ दिवस लागतात. आकार सारखा, काळ मात्र दसपट!

हे दोनच अपवाद आहेत असें नव्हे. हार्वर्ड विद्यापीठांतील सॅम्युएल चर्च, कॅसांड्रा एक्स्टावर व त्यांचे सहकारी यांनीं ६,७०० हून अधिक जातींच्या कीटकांच्या अंड्यांचीं मापें एकत्र केलीं व २०१९ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत आपले निष्कर्ष मांडले. घनफळानें पाहतां सर्वांत मोठें अंडें सर्वांत लहान अंड्याच्या सुमारें दहा कोटि पट भरतें. तरीही अंड्याच्या आकाराचा गर्भवाढीच्या काळाशीं मेळ बसला नाहीं. संबंध आढळला तो अंडें कोठें घातलें जातें याच्याशीं. पाण्यांत, अथवा दुसऱ्या कीटकाच्या शरीरांत अंडीं घालणाऱ्या कुळांत अंडें बहुधा लहान होत गेलेलें दिसतें.

याचें उत्तम उदाहरण परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठांत पाहावयास मिळतें. १९७२ सालीं स्थापन झालेल्या या विद्यापीठांत ट्रायकोग्रामा नांवाच्या चिमुकल्या गांधीलमाशीची पैदास करण्यांत येते. ही माशी स्वतःच सुमारें अर्ध्या मिलिमीटरची! ती आपलें अंडें पतंगाच्या अंड्यांत घालते. आईनें शिदोरी बांधून देण्याचें कारण नाहीं; बाळाला भोंवतीं भरलेलें कोठारच मिळतें. चार-पांच दिवसांत पतंगाचें अंडें काळें पडतें, आणि आठ-दहा दिवसांनीं त्यांतून अळीऐवजीं नवी गांधीलमाशी बाहेर पडते. तांदळावरील पतंगाचीं अशीं हजारों अंडीं चिकटविलेलीं कार्डें शेतकरी कपाशीच्या पानांखालीं टांचतात.

आतां दिवसांच्या हिशेबाचें महत्त्व ध्यानांत येईल. २०१७ सालच्या हंगामांत महाराष्ट्रांत गुलाबी बोंडअळीनें कपाशीचें अतोनात नुकसान केलें. या पतंगाचें अंडें जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचें असून तें तीन ते पांच दिवसांत फुटतें. अळी लागलीच फुलांत वा कोंवळ्या बोंडांत शिरते. मग तिला औषधही सहसा गांठूं शकत नाहीं आणि गांधीलमाशीचाही उपयोग राहत नाहीं. शिवाय आंतील गर्भ फार वाढलेला असल्यास गांधीलमाशीला तें अंडें मानवत नाहीं. म्हणून पतंग दिसूं लागतांच कार्ड शेतांत लागलें पाहिजे; आठवडाभर वाट पाहिली तर तें फुकट जातें.

वर्षभराच्या कष्टाचें फळ असें दोन-तीन दिवसांवर येऊन ठेपतें. तेव्हां मुलांनीं पुन्हा विचारलें, तर अंड्याच्या मापावरून उत्तर देऊं नये. तें कोणाचें, कोठें घातलेलें आणि हवेंत ऊब किती, हें आधीं पाहावें. आणि शेतकऱ्याप्रमाणें बोटांवर दिवस मोजावेत.