जेलच्या थेंबातील पारख

क्षयरोगाच्या जंतूवर रिफॅम्पिसिन हे औषध लागू पडेल की नाही, हे जंतू वाढवून ठरवायचे तर कित्येक आठवडे जातात, आणि तेवढ्या अवधीत निरुपयोगी औषध घेणारा रुग्ण खालावतोच, शिवाय इतरांनाही संसर्ग देत राहतो. औषधाला दाद न देण्याचा जंतूचा हा गुण, म्हणजे प्रतिरोध, बहुतेक वेळा आरपीओबी या जनुकातील अवघ्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यातील बदलामुळे, म्हणजेच उत्परिवर्तनामुळे येतो. तो बदल थेट वाचता यावा म्हणून मॉस्को येथील एंगेलहार्ट संस्थेत आंद्रेई मिर्झाबेकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या जेल-चिपचा उपयोग करण्यात आला.

या चिपवर सुमारे एक दशांश मिलिमीटर व्यासाचे हायड्रोजेलचे अर्धगोल थेंब ओळीने मांडलेले असतात. हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारी बहुवारिकाची जाळी. तिच्या घटकद्रव्यात डीएनएचा ठरावीक क्रमाचा छोटा तुकडा, म्हणजे शोधक, मिसळून थेंब ठेवतात व अतिनील प्रकाशात तो घट्ट करतात, तेव्हा शोधक जाळीतच रासायनिक बंधाने गुंफला जातो. सपाट काचेपेक्षा थेंबाच्या घनफळात अधिक शोधक मावतात आणि भोवती पाणी असल्याने ते जवळजवळ द्रावणात असल्याप्रमाणेच वागतात.

रुग्णाच्या थुंकीतून मिळालेला जंतूचा डीएनए पीसीआर प्रक्रियेने अनेक पटींनी वाढवून त्याला चमकणारा रंग जोडतात, आणि तो चिपवर काही तास ठेवून मग धुतात. ज्या शोधकाशी त्याची अक्षरे पूर्णपणे जुळतात तेथे जोडी टिकते. एक अक्षर जरी विजोड असले तरी ती सैल पडून बरीचशी सुटते. उदाहरणार्थ, ५३१ क्रमांकाच्या स्थानी टीसीजीऐवजी टीटीजी आल्यास प्रथिनात सेरीनच्या जागी ल्युसीन बसते, आणि चिपवर मूळ क्रमाचा थेंब मंदावून शेजारचा उत्परिवर्ती थेंब उजळतो. म्हणूनच एकट्या थेंबाच्या तेजावर निदान न करता एकाच गटातील, म्हणजे एकाच स्थानासाठीच्या, थेंबांची परस्परांशी तुलना करावी लागते.

ज्या बदलासाठी शोधक बसवलेला नाही, तो नेमका कोणता हे चिप सांगू शकत नाही; म्हणून या तंत्राची विश्वासार्हता थेंबांच्या चमकेइतकीच शोधकांच्या निवडीवरही अवलंबून असते.