शेततळ्यातील माशांचे पर कुजणे : कारणे व उपाय

खेड तालुक्यात व चाकण परिसरात कांद्याच्या सिंचनासाठी बांधलेल्या शेततळ्यांतून रोहू, कटला व मृगळ हे मासे वाढविता येतात. कांद्याला पाणी देता देता तळ्यातील पातळी उतरते, तितकेच मासे थोड्या पाण्यात दाटीने राहू लागतात, आणि नेमक्या याच सुमारास पर कुजण्याचा रोग डोके वर काढतो.

प्रथम पराच्या कडेला पांढुरकी रेघ दिसते. पुढे पर झिरमिळ्यांसारखा फाटतो, मधले पातळ कातडे झडून काटे उघडे पडतात व शेपटी आखूड होत जाते. मासा खाद्य सोडतो व काठाशी सुस्त राहतो. पराचे मूळ शाबूत असेतो काही आठवड्यांत नवा पर फुटतो. मूळच कुजल्यास तो पुन्हा येत नाही. म्हणून पांढरी रेघ दिसताच हालचाल करावी. जखमेवर कापसासारखी बुरशी दिसली, तर ती बहुधा मागाहून आलेली असते व थंडीत अधिक आढळते.

हा रोग करणारे जिवाणू पाण्यात नेहमीच असतात. निरोगी माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर त्यांना आत शिरू देत नाही. खरबरीत जाळे, कोरडे हात, बोटुकली आणताना झालेली दाटी किंवा माशांवरील उवा यांमुळे हा थर खरवडला जातो. त्यात उरलेले खाद्य कुजून पाण्यातील प्राणवायू कमी झाला, म्हणजे जिवाणूंना वाट मोकळी होते. यास्तव औषधापूर्वी पाणी सुधारावे : खाद्य दोन-तीन दिवस बंद ठेवावे, तळाचा गाळ शक्य तेवढा काढावा व स्वच्छ पाणी भरावे. इंद्रायणी व पवना या नद्यांत सांडपाणी मिसळत असल्याने तेथील पाणी तपासल्यावाचून तळ्यात घेऊ नये. रसायनांची रिकामी पिंपे बोटुकली आणण्यास वापरणे हा तर विषाशी खेळ होय.

मासे थोडे असल्यास मिठाची आंघोळ हा सर्वांत स्वस्त व भरवशाचा उपाय आहे. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम खडे मीठ पूर्ण विरघळवून त्यात मोठे मासे दोन ते तीन मिनिटे ठेवावेत; बोटुकलीसाठी १०० ग्रॅम पुरे. मासा कलंडू लागताच त्यास बाहेर काढून स्वच्छ पाण्यात सोडावे. गोड्या पाण्यातील माशाचे रक्त भोवतालच्या पाण्याहून खारट असल्याने जखमेतून पाणी आत शिरते व अंगातील क्षार बाहेर जातात. मीठ ही झीज थोपविते व जंतूंनाही मारते. (समुद्रातील शोभेच्या माशांवरील परजीवींसाठी उलट गोड्या पाण्याची आंघोळ देतात.)

संपूर्ण तळ्यास औषध द्यावयाचे असल्यास पाण्याचे माप अचूक हवे. येथेच बहुधा चूक होते. वर ३० मीटर व तळाशी २४ मीटर बाजू असलेले ३ मीटर खोल चौरस तळे काठोकाठ भरले, तर त्यात सुमारे २,१९० घनमीटर पाणी मावते. पोटॅशियम परमँगनेट घनमीटरला २ ग्रॅम देतात, म्हणजे ४.४ किलो लागेल. परंतु त्याच तळ्यात दीड मीटर पाणी उरले असेल, तर तिरक्या काठांमुळे ते अवघे ९७५ घनमीटर भरते व २ किलोहून कमी औषध पुरते. भरल्या तळ्याचे माप धरून ४.४ किलो टाकणारा शेतकरी दुपटीहून अधिक मात्रा देतो आणि रोगाऐवजी मासेच मारतो. औषध बादलीत विरघळवून सकाळी ऊन चढल्यावर सर्वत्र शिंपडावे. मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड वासत असतील, तर प्राणवायू कमी आहे असे समजून त्या दिवशी ते देऊ नये.

अंगावर लाल व्रण पडत असल्यास तो निराळा रोग असू शकतो. १९८८ साली भारतात शिरलेल्या व्रणरोगासाठी भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंशोधन संस्थेने ‘सिफॅक्स’ हे औषध तयार केले. हेक्टरी १ मीटर खोल पाण्यास ते १ लिटर लागते.

पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला व पुढे तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. जवळच असे औषध बनले, म्हणून ते माशांसही लागू पडेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु पर कुजविणाऱ्या बहुतेक जिवाणूंवर पेनिसिलिन चालत नाही. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांना तर खाण्याच्या माशांत बंदीच आहे; मॅलाकाइट ग्रीन हा हिरवा रंगही वापरू नये.

मेलेले मासे तळ्यापासून दूर खड्ड्यात चुना टाकून पुरावेत. रोगी तळ्यात वापरलेले जाळे कडक उन्हात वाळविल्याशिवाय दुसऱ्या तळ्यात नेऊ नये. दोन-तीन दिवसांत मर थांबत नसल्यास ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयास कळवावे व तपासणीसाठी कुजलेला नव्हे, तर नुकताच आजारी पडलेला जिवंत मासा तळ्याच्याच पाण्यात घालून न्यावा.