जंतूच्या घरांतील द्वारपाल

रात्रीं कोमट दुधाला विरजण लावून ठेवावें आणि सकाळीं घट्ट दही तयार असावें, हा अनुभव घरोघरीं नित्याचा आहे. विरजणांतील असंख्य सूक्ष्म जंतु दुधांतील साखर खातात, तिचें आम्ल बनवितात आणि त्या आम्लानें दूध विरजतें, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु जंतूनें खावयाचें म्हणजे कसें? त्याला तोंड नाहीं, दांत नाहींत, पोट नाहीं. त्याच्या सर्वांगाभोंवतीं स्निग्ध पापुद्रा असतो. आणि तेलातुपांत साखर विरघळत नाहीं, हें तर स्वयंपाकघरांतहि दिसतें. मग ती आंत शिरते कशी?

ह्या प्रश्नाचा सर्वांत कसून अभ्यास झाला तो दह्याच्या जंतूवर नव्हे, तर माणसाच्या आंतड्यांत राहणाऱ्या एशेरिकिया कोलाय ह्या जंतूवर. त्याची लांबी मिलिमीटरच्या सुमारें पांचशेंव्या भागाइतकी. त्याच्या शरीराची रचना जुन्या वाड्याशीं ताडून पाहतां येईल. सर्वांत बाहेर सच्छिद्र कुंपण, त्याच्या आंत अरुंद ओसरी, आणि ओसरीपलीकडे माजघराची भिंत. कुंपण आणि भिंत हीं दोन्ही स्निग्ध पापुद्र्यांचींच. कुंपणाच्या छिद्रांतून साखर सहज ओसरीवर येते. खरी अडवणूक होते ती माजघराच्या भिंतीशीं. ही भिंत मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनहि पातळ असते.

1956 सालीं पॅरिस येथील पाश्चर संस्थेंत झाक मोनो व त्यांचे सहकारी यांनीं असें दाखविलें कीं, दुधांतील साखर ह्या भिंतींतून आपोआप झिरपत नाहीं. तिला आंत आणणारी एक स्वतंत्र यंत्रणा जंतूजवळ असते. तिला त्यांनीं ‘परमिएझ’ असें नांव दिलें. हा द्वारपाल म्हणजे भिंतींत बसलेलें एक प्रथिन होय. 1980 सालीं त्याच्या जनुकाचें वाचन पूर्ण झालें, आणि तें 417 अमायनो आम्लांची एक अखंड सांखळी आहे, हें निश्चित झालें.

तथापि सांखळींतील दुव्यांचा क्रम कळला म्हणजे द्वारपालाचें रूप कळलें, असें होत नाहीं. सांखळीचे कांहीं भाग स्निग्ध पदार्थांत रमणारे, तर कांहीं पाण्यांत रमणारे होते; त्यावरून कापडांतून धांवदोरा जावा तशी ती भिंतींतून आंतबाहेर जात असली पाहिजे, असा तर्क निघाला. परंतु टांके एकंदर किती? कोणता फेरा ओसरीकडे आणि कोणता माजघराकडे? अशीं प्रथिनें भिंतींतून उपसून काढलीं कीं त्यांची घडी सहज मोडते, आणि क्षकिरणांनीं परीक्षा करण्याजोगे त्यांचे स्फटिक मिळविणें अतिशय कष्टाचें असतें.

तेव्हां शास्त्रज्ञांनीं जनुकांच्या जोडणीची युक्ति योजिली. जनुक म्हणजे प्रथिन कसें गुंफावें ह्याची जणूं लेखी आज्ञा. एक आज्ञा मध्येंच तोडून तिला दुसरीचा उत्तरार्ध जोडला, तर जंतु ती निमूटपणें वाचतो आणि एकाचें डोकें व दुसऱ्याचें शेपूट असलेलें जोडप्रथिन तयार करतो. धांवदोरा अर्ध्यावर तोडून त्याच्या टोकाला मणि बांधावा, तसाच हा प्रकार. मात्र मणि असा हवा कीं, तो कापडाच्या एकाच बाजूस चमकेल.

असा मणि मिळाला. अल्कलाइन फॉस्फॅटेझ हें एन्झाइम जंतूच्या ओसरीवर असतें. त्याची घडी पक्की होण्यास गंधकाच्या अणूंच्या गांठी पडाव्या लागतात. त्या ओसरीवर पडतात, माजघरांत पडत नाहींत. म्हणून हें एन्झाइम ओसरीवर काम करतें आणि माजघरांत अडकलें तर निकामी राहतें. अमेरिकेंतील हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयांत कॉलिन मॅनॉइल व जॉन बेकविथ यांनीं ह्या एन्झाइमच्या जनुकांतून ओसरीवर जाण्याची खूण तेवढी काढून टाकली, आणि उरलेला भाग जागा बदलीत फिरणाऱ्या एका जनुकखंडावर बसविला. 1985 सालीं ही पद्धति प्रसिद्ध झाली. हा खंड जंतूच्या जनुकांत निरनिराळ्या ठिकाणीं जाऊन बसतो. मग ते जंतु विशिष्ट रसायन घातलेल्या थाळींत वाढवावयाचे. त्यांची वसाहत निळी झाली, तर शेपूट ओसरीवर पोंचलें.

वसाहत पांढरी राहिली तर? तेथें सावधगिरी हवी. शेपूट माजघरांत राहिलें असेल, किंवा जोडणीच चुकून प्रथिन तयार झालें नसेल. म्हणून उलट स्वभावाचा दुसरा मणिहि वापरतात. दुधांतील साखर फोडणारें बीटा-गॅलॅक्टोसिडेझ हें एन्झाइम माजघरांत चालतें. त्याला भिंतीपलीकडे ढकलूं पाहिलें तर तें भिंतींतच रुतून बंद पडतें. एकाच जागीं आळीपाळीनें दोन्ही मणि बांधून एक चमकला व दुसरा विझला, म्हणजे साक्ष पक्की.

परमिएझच्या जनुकांत ठिकठिकाणीं फॉस्फॅटेझ जोडून कॅलामिया व मॅनॉइल यांनीं 1990 सालीं जो निष्कर्ष मांडला, तो बारा टांक्यांच्या आराखड्याशीं जुळला. पुढें 2003 सालीं त्या प्रथिनाची स्फटिकावरून काढलेली आकृति प्रसिद्ध झाली. तींतहि टांके बाराच निघाले. ज्यांनीं द्वारपाल प्रत्यक्ष पाहिला नव्हता, त्यांनीं केवळ थाळींतील निळ्या ठिपक्यांवरून त्याची ठेवण बिनचूक सांगितली होती.

ह्या पद्धतीचा एक लाभ तर अनपेक्षितच होता. माल्टोज साखर आंत आणणाऱ्या एका प्रथिनाला बीटा-गॅलॅक्टोसिडेझ असें जोडलें होतें कीं, तें ओसरीकडे ओढलें जाऊन निकामी होई. बेकविथ यांच्या प्रयोगशाळेंत तें पुन्हा कामास लागलेले जंतु शोधण्यांत आले. त्यांच्यांत बिघडलें होतें तें ओसरीवर गंधकाच्या गांठी मारणाऱ्या प्रथिनाचें जनुक! 1991 सालीं हा शोध प्रसिद्ध झाला. तोंवर ह्या गांठी आपोआप पडतात, असाच सर्वसाधारण समज होता. त्या मारणारा कारागीर जंतूजवळ असतो, हें ह्या तुटक्या जोडणीनें उघड केलें.

ह्या द्वारपालांशीं माणसाच्या आरोग्याचाहि संबंध पोंचतो. कांहीं जंतु टेट्रासायक्लीन हें औषध आंत शिरतांच पुन्हा बाहेर फेंकतात आणि रोग्याच्या शरीरांत तग धरून राहतात. औषध उपसणारें हें प्रथिन परमिएझप्रमाणेंच भिंतींत बारा वेळां ओंवलेलें आहे, हेंहि अशाच जोडण्यांनीं दाखविलें. द्वारपाल फितूर कां होतो, हें जाणावयाचें तर तो कोठें उभा आहे व कोणीकडे तोंड करून उभा आहे, हें आधीं ठाऊक असलें पाहिजे. आणि ती माहिती मिळविण्याचें काम थाळींतील निळ्या ठिपक्यानें केलें आहे.