केयुनिट: चाचणीनंतर मेमरीची आवराआवर

केयुनिट ही लिनक्स कर्नलच्या छोट्या भागांची सुटी चाचणी घेणारी चौकट जानेवारी 2020 मधील 5.5 आवृत्तीपासून कर्नलमध्ये आहे.

साधा प्रोग्रॅम बंद पडला की त्याची मेमरी कर्नल परत घेतो. खुद्द कर्नलच्या पाठीशी असे कोणी नसते. चाचणी अर्ध्यावर थांबली, तर मेमरी मोकळी करणारी शेवटची ओळ चालतच नाही आणि ती जागा यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत अडकून राहते.

म्हणून चाचणी लिहिणारा कर्नलमध्ये मेमरी घेण्याच्या नेहमीच्या ‘केमॅलॉक’ फंक्शनऐवजी ‘केयुनिट_केमॅलॉक’ वापरतो. अशी घेतलेली प्रत्येक जागा त्या चाचणीच्या यादीत नोंदली जाते. चाचणी पास होवो वा नापास, शेवटी यादीतील नोंदी उलट क्रमाने मोकळ्या होतात. कारण नंतरची वस्तू बहुधा आधीच्या वस्तूवर अवलंबून असते. मेमरीखेरीज इतर आवराआवरीची कामेही याच यादीत नोंदवता येतात.

मात्र ज्या कोडची चाचणी चालू आहे, त्याने स्वतः ‘केमॅलॉक’ने घेतलेली मेमरी या यादीत येत नाही. तिथली गळती शोधायला ‘केमेमलीक’ हे वेगळे साधन वापरावे लागते.