मासा लागला, हे कळायचं कसं?

फ्लाय फिशिंगच्या सामानात बोराएवढी, भडक नारिंगी किंवा पिवळी अशी एक पोकळ गोळी मिळते. हा स्ट्राइक इंडिकेटर. कुणी तिच्याऐवजी लोकरीचा झुपका बांधतं, कुणी फोमचा तुकडा. खाली निंफ, म्हणजे पाणकिड्याच्या अळीची गळावर बांधलेली नक्कल, तळाजवळून वाहत असते आणि वर गोळी तरंगत असते. गोळी थबकली, बुडाली किंवा बाजूला सरकली, की हिसका द्यायचा. एवढ्याशा गोळीवरून गरवणाऱ्यांमध्ये अजून कडाक्याचे वाद होतात. ‘हे फ्लाय फिशिंगच नव्हे’ असं ठणकावून सांगणारे लोक आहेत. बरीच वर्षं मी या वादाचा माग काढतो आहे आणि दरवेळी एकाच माणसापाशी येऊन थांबतो. त्याचं नाव जॉर्ज एडवर्ड मॅकेन्झी स्क्यूज.

स्क्यूजचा जन्म 1858चा, न्यूफाउंडलंडचा. पेशाने लंडनमधला सॉलिसिटर, आयुष्यभर अविवाहित. विंचेस्टरजवळ इचन नदीवरच्या अ‍ॅबट्स बार्टन या पट्ट्यावर तो 1883पासून गरवत होता. तेव्हा इंग्लंडच्या दक्षिणेत फ्रेडरिक हॅलफर्डचा शब्द प्रमाण होता. हॅलफर्डच्या 1886 आणि 1889च्या पुस्तकांनी ड्राय फ्लायला शास्त्राचा दर्जा दिला. वर आलेला ट्राउट आधी डोळ्यांनी हेरायचा, मग तरंगती माशी प्रवाहाच्या वरच्या अंगाला त्याच्यासमोर टाकायची. या पद्धतीत मासा कधी लागला हा प्रश्नच उरत नाही. माशी दिसते, तोंड दिसतं, गिळणं दिसतं. हॅलफर्डच्या अनुयायांनी पुढे या पद्धतीचं धर्मशास्त्र करून टाकलं. पाण्याखाली गळ सोडणारा त्यांच्या लेखी पतित ठरला.

स्क्यूजने वाद घालण्याआधी माशाचं पोट पाहिलं. हाडातला मगज काढायचा लांबट, अरुंद चमचा तो पकडलेल्या ट्राउटच्या घशातून आत घाली आणि आलेला ऐवज पांढऱ्या बशीतल्या पाण्यात मोकळा करी. काळपट लगद्याचे हळूहळू वेगवेगळे किडे होत जात. त्यांत पंख फुटलेल्या माश्या थोड्या आणि निंफ ढिगाने असत. पृष्ठभागावर वर्तुळं उठवणारा मासा पुष्कळदा पृष्ठभागाच्या बोटभर खाली जेवत असतो, हे त्या बशीत उघड दिसत होतं. मला तरी या वादात त्या बशीइतका सच्चा पुरावा दुसरा सापडलेला नाही. 1910मध्ये त्याचं ‘मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम’ हे पुस्तक आलं आणि ठिणगी पडली.

पाण्याखालचं तोंड दिसत नाही, मग हिसका कधी द्यायचा? स्क्यूजचं उत्तर सरळ होतं: नजर तयार करा. पाण्याखाली क्षणभर चमकलेली कूस, पाण्याला आलेला किंचित फुगवटा, दोऱ्याची नकळत झालेली ओढ, यांवरून ओळखा. त्याला तरंगत्या खुणेची गरज वाटली नाही, कारण त्याचा मासा उथळ, नितळ पाण्यात होता आणि बहुधा दिसत होता.

फेब्रुवारी 1938मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात निंफवर रीतसर चर्चा ठेवली गेली. स्क्यूज तेव्हा एकोणऐंशी वर्षांचा होता. विरोधकांत सर जोसेफ बॉल होते, पंतप्रधान चेंबरलेन यांचे राजकारणातले आणि नदीकाठचेही सोबती. निंफमुळे लहान मासे नाहक टोचले जातात, पाणी ड्राय फ्लायवाल्यांसाठी नासतं, असे आक्षेप होते. बशीतल्या पुराव्याला मात्र यातला एकही आक्षेप भिडत नव्हता. अ‍ॅबट्स बार्टनच्या सहकाऱ्यांनाही त्याचं निंफ खुपत होतंच. पन्नासहून अधिक हंगाम जिथे काढले तो पट्टा स्क्यूजने त्याच वर्षी सोडला. हा त्याच्यावर झालेला अन्याय होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथे आपल्याकडचा एक धागा येऊन मिळतो. सर ग्रिमवुड मीअर्स 1919 ते 1932 अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. निवृत्तीनंतर हा गृहस्थ इंग्लंडमध्ये गरवण्यात रमला. विल्टशरमध्ये एव्हन नदीची राखण करणाऱ्या फ्रँक सॉयरला त्यांनी लिहितं केलं आणि म्हाताऱ्या स्क्यूजशी त्याची गाठ घालून दिली. सॉयरचं निंफ आज जगभर बांधलं जातं: फेझंटच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार, बस्स. दोराही नाही. पायही नाहीत, कारण पोहणारं निंफ पाय अंगाशी चिकटवून घेतं, हे त्याने नदीत पाहिलं होतं. तारेच्या वजनाने ते खोल जाई. सॉयर लीडरला, म्हणजे मुख्य दोरी आणि गळ यांना जोडणाऱ्या बारीक दोऱ्याला, ग्रीस लावून तो तरंगता ठेवी, टोकाचा भाग तेवढा ग्रीसविना सोडी. तरंगता लीडर जिथे पाण्यात शिरतो त्या बिंदूवर त्याची नजर असे. तो बिंदू अडला की हिसका. माझ्या मते इंडिकेटरचं तत्त्व इथे पुरतं हजर आहे, फक्त गोळी नाही.

गोळीचा फायदा खरा आहे. खोल, गढूळ, वेगवान पाण्यात तिच्यावाचून नवशिक्याला काही कळत नाही. निंफपासून पाण्याच्या खोलीच्या साधारण दीडपट अंतरावर ती बांधतात. अडचण भौतिकशास्त्राची आहे. नदीचं पाणी तळाशी घर्षणाने मंद वाहतं आणि वर जोरात. गोळी वरच्या वेगाने जाते आणि निंफला फरफटत नेते; खरा किडा असा पळत नाही, म्हणून मासा तोंड लावत नाही. गोळी शेजारच्या बुडबुड्यांपेक्षा किंचित हळू जात असेल, तर निंफ तळाच्या प्रवाहात आहे असं समजावं. आणखी एक घात होतो. दोरा सैल असेल तर मासा नक्कल तोंडात घेऊन थुंकूनही टाकतो आणि गोळी हलतसुद्धा नाही.

फ्लाय फिशिंगच्या जागतिक स्पर्धा 1981पासून होतात. त्यांच्या नियमांत लीडरवर तरंगती वस्तू लावायला मनाई आहे. याचा परिणाम मला फार आवडतो. पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, फ्रान्स इथल्या गरवणाऱ्यांनी रॉड उंच धरून दोरा ताठ ठेवायचं तंत्र घोटवलं आणि लीडरमध्येच रंगीत दोऱ्याचा तुकडा गाठ मारून जोडला. त्याला साइटर म्हणतात. तो पाण्यावर टेकवायचा नाही, हवेतच ठेवायचा. त्यामुळे वरच्या प्रवाहाला धरायला जवळजवळ काही उरत नाही आणि तळाशी निंफ दगडाला घासलं तरी रंगीत तुकडा थरथरतो. बंदीतून इतकं नेमकं साधन निघालेलं पाहून, नवशिक्यांनी गोळी जरूर वापरावी पण तिच्यावरच थांबू नये, असं मला वाटू लागलं.

इंग्लंडच्या चॉक स्ट्रीमवर, म्हणजे खडूच्या खडकातून उगम पावणाऱ्या नद्यांवर, मात्र हॅलफर्डची छाया अजून आहे. अनेक पट्ट्यांवर जुलै उजाडेपर्यंत निंफला परवानगी नसते आणि इंडिकेटर तर हंगामभर वर्ज्य. इंडिकेटरची बंदी मला पटते: तिथलं पाणी उथळ आणि नितळ, मासा डोळ्यांनी हेरता येतो. निंफवरची तारखेची अट मात्र उठवायला हवी. मे महिन्यातही ट्राउट निंफ खातच असतो, आणि पट्ट्याच्या मालकांना हे स्वतः पडताळून पाहायला एक चमचा आणि एक बशी पुरेशी आहे.