नियमांच्या चाळण्या

ऑनलाइन अर्ज भरताना एखाद्या चौकोनापाशी गाडी अडते आणि लाल अक्षरांत उमटतं, ‘माहिती अवैध आहे.’ नेमकं काय चुकलं, ते कळत नाही. बऱ्याचदा यामागे एक साधं कारण असतं. तपासणीचे सगळे नियम ‘आणि’, ‘आणि’ करत एकाच लांबलचक अटीत कोंबलेले असतात. अशी अट फक्त हो किंवा नाही म्हणू शकते.

पिनकोडचंच घ्या. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून साकारलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे नियम मोजके आहेत. पिनकोडमध्ये सहा अक्षरं हवीत, सगळे आकडेच हवेत आणि पहिला आकडा शून्य नको. पुण्याच्या सदाशिव पेठेचा ४११०३० या तिन्ही नियमांत बसतो.

आता प्रत्येक नियमाचं एक छोटं फंक्शन लिहायचं. एक लांबी मोजेल, दुसरं आकडे पाहील, तिसरं पहिला आकडा पारखेल. मग ही तिन्ही फंक्शनं एका यादीत ओळीने ठेवायची. धान्य चाळायच्या यंत्रात एकाखाली एक चाळण्या असतात, तसंच हे. आलेलं मूल्य एकेका फंक्शनमधून जातं आणि जिथे अडकेल तिथे तपासणी थांबते.

फंक्शन यादीत ठेवायचं म्हणजे काय? पायथन भाषेत फंक्शनच्या नावापुढे कंस लावला की ते काम करतं. कंसाविना नुसतं नाव लिहिलं, तर तेच फंक्शन एखाद्या संख्येसारखं हाताळता येतं. यादीत हे नुसतं नाव जायला हवं. नवशिका इथे हमखास चुकतो. तो मूल्यासकट कंस लिहितो आणि मग यादीत तपासनीस न जाता त्याने त्या क्षणी दिलेलं उत्तर जाऊन बसतं.

ही कल्पना जुनी आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये ज्या लिस्प भाषेचं काम सुरू केलं, तिच्यात एक फंक्शन दुसऱ्याच्या हाती देता येत होतं. पुढे ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी १९६७ मध्ये कोपनहेगनच्या व्याख्यानांत संख्येइतकाच मान असलेल्या अशा फंक्शनांना ‘प्रथम दर्जाची’ म्हटलं.

यादीतला क्रमही महत्त्वाचा. चौकोन रिकामा असेल, तर पहिला आकडा शोधणारं फंक्शन कोलमडेल, कारण तिथे पहिलं अक्षरच नाही. म्हणून लांबीचा नियम आधी ठेवायचा.

मराठी माणसाने आवर्जून करून पाहावा असा एक प्रयोग सांगतो. मराठी कळफलकावरून ‘०११०३०’ टाइप करा. लांबी सहा आहे. पायथनचं ‘इजडेसिमल’ देवनागरी आकड्यांनाही आकडेच मानतं, त्यामुळे दुसरी चाळणीही पार. तिसऱ्या नियमात मात्र प्रोग्रामरने इंग्रजी शून्याचं चिन्ह लिहिलेलं असतं. देवनागरी शून्य त्याच्याशी जुळत नाही आणि चुकीचा पिनकोड आत शिरतो! उपाय सोपा आहे. चिन्ह जुळवून पाहण्याऐवजी ‘इंट’ने त्या अक्षराची किंमत काढायची आणि ती शून्य आहे का, ते विचारायचं. दुरुस्ती त्या एकाच फंक्शनमध्ये होते, बाकीच्या दोघांना हात लागत नाही. शिवाय ‘४११०३०’ असं देवनागरीत लिहिणाऱ्याला कुणी परत पाठवत नाही.

यादीत प्रत्येक फंक्शनच्या जोडीला एक वाक्यही ठेवता येतं: ‘पिनकोड सहा आकडी हवा’, ‘फक्त आकडे लिहा’, ‘पहिला आकडा शून्य नसावा’. जो नियम अडवेल, त्याचंच वाक्य पडद्यावर येईल. नियम वाढला, तर यादीत एका ओळीची भर पडेल. प्रोग्रामरला यासाठी फार तर तासभर जास्त द्यावा लागेल. पण अर्जाच्या शेवटच्या दिवशी, रात्री अकरा वाजता तो चौकोन भरणाऱ्याला आपलं काय चुकलं ते स्वतःच्या भाषेत कळेल आणि त्याचा अर्ज वेळेत जाईल.